वेलांटीबाईंचा समुद्र

आमच्या भूशास्त्र विभागाच्या कचेरीत एक बाई होत्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल. आम्ही त्यांना वेलांटीबाई म्हणायचो, आणि ते त्यांना माहीत होतं. सहलीचा अहवाल सरांकडे जाण्याआधी त्यांच्या टेबलावरून जायचा. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण विभागातला प्रत्येक कागद त्यांच्याच हातून टाइप व्हायचा, त्यामुळे तो आपोआप पडला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून त्या पहिलं पान वाचायच्या, लाल पेनाने एक गोल करायच्या आणि कागद परत सरकवायच्या.

"जिवाश्म लिहिलंयस. दुसरी वेलांटी. लाखो वर्षं टिकलेला जीव आहे तो, एवढा आखूड करू नकोस."

कचेरीची खोली अरुंद होती. एका भिंतीला कागदांचं कपाट, दुसऱ्या भिंतीला दगडांच्या पेट्या, मधे त्यांची खुर्ची. पेट्यांकडे त्या सासरच्या आगाऊ पाहुण्यांकडे बघावं तसं बघायच्या. "दगड आत येतो तो धूळ घेऊन, आणि जाताना ती ठेवून जातो," असं त्यांचं म्हणणं होतं. बुटांना चिखल असला की दारातूनच बोलायचं. दोनशेच्या वर जीवाश्मांची नावं त्यांना बिनचूक लिहिता यायची, पण त्यांतलं एकही ओळखता यायचं नाही. टेबलावर कागद दाबायला ठेवलेला वेटोळ्यांचा दगड म्हणजे प्राचीन समुद्रातला शंख आहे, हे आमच्यातल्या एकाने मोठ्या उत्साहाने सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "असेल. वजनाला बरा आहे."

दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांची दोन दिवसांची सहल निघायची. जागा ठरलेली होती, एक बंद पडलेली खाण आणि तिच्या खालच्या अंगाने वाहणारा ओढा. आणि सहलीची एक पुस्तिका होती, आठ पानांची. बावीस वर्षांपूर्वी सर नवे होते तेव्हा त्यांनी ती लिहिली होती आणि बाई त्याहून नव्या होत्या तेव्हा त्यांनी ती टाइप केली होती. पुढे टाइपरायटर गेला, संगणक आला, पण पुस्तिका शब्दाला शब्द तीच राहिली. तिच्या चौथ्या पानावर तिथल्या खडकांचे थर खालून वर क्रमाने दिले होते. सर्वांत खाली लाल माती. त्यावर शिंपल्यांचा थर. त्यावर पानांचे ठसे असलेला राखाडी चिखल. त्यावर पिवळा वाळूचा खडक.

भूशास्त्रात पहिल्याच दिवशी शिकवतात की खालचा थर जुना आणि वरचा नवा. तेव्हा या चार ओळींचा अर्थ असा होता, की आधी इथे जमीन होती, मग समुद्र आला, मग समुद्र जाऊन झाडाझुडपांची दलदल झाली, आणि मग समुद्राने परत येऊन किनाऱ्याची वाळू टाकली. समुद्र दोनदा आला होता. सरांचा हा आवडता विषय होता. त्यांनी एका परिषदेत त्यावर निबंध वाचला होता, आणि वर्गात तो भाग आला की ते खडू खाली ठेवून दोन्ही हातांनी समुद्र आणायचे आणि न्यायचे. आम्हीही परीक्षेत तो दोनदा आणायचो. आमच्या आधीच्या एका विद्यार्थिनीने समुद्र मधेच का गेला याची पाच कारणं लिहून पहिला क्रमांक मिळवला होता. खरं सांगायचं तर आम्ही सहलीला जाण्याआधीच अर्धा अहवाल लिहून ठेवत असू. उरलेल्या अर्ध्यात हवामान आणि जेवण.

तिथे जाऊन कोणी थर बघत नव्हतं का, असं कोणीही विचारेल. बघत होते, पण शिंपले बघायचे खाणीत आणि पानांचे ठसे बघायचे ओढ्याच्या काठाला. मधे दोनशे पावलांची उतरण होती, काटेरी झुडपांनी आणि घसरून आलेल्या खड्यांनी झाकलेली. खाण वर आणि ओढा खाली, मग शिंपले खालच्या थरातले कसे, अशी शंका एखाद्याला यायची. सर सांगायचे, "थर तिरके आहेत." तेवढं पुरायचं. तिरके थर म्हटलं की प्रश्न विचारणाराही जरा तिरका होऊन गप्प बसतो.

आमच्या वर्षी सहलीच्या दोन दिवस आधी विभागातल्या प्राध्यापिका जिन्यावरून घसरल्या आणि त्यांचा पाय प्लास्टरमधे गेला. अकरा विद्यार्थ्यांत चार मुली होत्या, आणि मुली असल्या की सोबत एक स्त्री कर्मचारी हवी असा नियम होता. विभागात स्त्री कर्मचारी आता एकच उरली होती. सर कचेरीत आले. चिखलाचे बूट बाहेर काढून आले, म्हणजे काम नाजूक होतं.

"मला दगडातलं काय कळतं, सर?" बाई म्हणाल्या.

"कळायचं काही नाही. फक्त यायचं."

"आणि करायचं काय तिथे?"

सरांनी विचार केला. "बसायचं," ते म्हणाले.

घरी त्यांचे यजमान होते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ खिडकीजवळच्या घडीच्या टेबलावर शेजाऱ्यांचे बिघडलेले रेडिओ खोलून बसायचे. त्यांतले काही परत बंदही व्हायचे. बाईंनी सहलीचं सांगितलं तेव्हा त्यांनी स्क्रू तोंडातून काढून विचारलं, "दगड बघायला? तुला?"

"बघायला नाही हो. बसायला."

"मग जा. बसायला काय, इथेही बसतेसच की."

तर बाई आल्या. पायांत कचेरीतल्या चपला, हातात छत्री, काखेत फाईल, फाईलमधे पुस्तिका आणि लाल पेन. बसमधे त्या सर्वांत पुढे बसल्या आणि वाटेत त्यांनी तीन दुकानांच्या पाट्यांतल्या चुका आम्हाला दाखवल्या. खाणीवर पोचल्यावर घडीच्या स्टुलावर छत्री उघडून बसल्या. सर हातोडीने खडक फोडत होते, आम्ही वहीत लिहिल्यासारखं करत होतो. बाई पुस्तिका उघडून सरांच्या प्रत्येक वाक्यावर खूण करत होत्या. एकदा सर एक वाक्य विसरले, तेव्हा त्यांनी स्टुलावरून ते पुरवलं. तोंडपाठ होतं त्यांना, पान आणि ओळीसकट.

पण दोन तासांत त्यांचं बसणं मोडलं. सरांनी शिंपल्यांच्या खडकावर सौम्य आम्लाचे थेंब टाकले आणि खडक फसफसला. बाई छत्री टाकून उठल्या.

"हे काय झालं?"

"चुना आहे त्यात," सर म्हणाले. "शिंपल्यांचा."

"परत टाका बघू."

सरांनी परत टाकलं. मग बाटली बाईंनी स्वतःच्या हातात घेतली आणि पुढचा अर्धा तास खाणीतल्या दिसेल त्या दगडावर थेंब टाकत फिरल्या. सरांच्या जेवणाच्या डब्याखालचा दगडही सुटला नाही. मग त्यांचं लक्ष आमच्या नमुन्यांच्या पिशव्यांकडे गेलं. पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांचं अक्षर बघून त्यांनी कपाळाला हात लावला आणि सगळ्या चिठ्ठ्या नव्याने लिहायला घेतल्या. दुपारपर्यंत एका चपलेचा अंगठा तुटला. आमच्यातल्या एका उंच मुलीने तिचे जादा बूट दिले. आम्ही तिला शिडी म्हणायचो. ते बूट बाईंना दोन नंबर मोठे होत होते. त्यांनी पुढे वर्तमानपत्राचे बोळे घातले आणि चालायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यावर जायचं होतं. शिडी नेहमीप्रमाणे पुढे गेली होती. उतरणीच्या मधूनच तिने हाक मारली, "सर, इथे दरड आलीय."

गेल्या पावसात झुडपं, माती, खडे सगळं घसरून खाली गेलं होतं आणि माणसाच्या दुप्पट उंचीची एक उघडी भिंत तयार झाली होती. वरच्या अर्ध्या भागात शिंपलेच शिंपले, दाटीवाटीने बसलेले. खालच्या अर्ध्या भागात राखाडी चिखल, आणि त्यात पानांचे काळसर ठसे, शिरांसकट. मधे एक सरळ रेघ. सर भिंतीकडे बघत उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात काही आलं नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे. अकराच्या अकरा जणांचा अहवाल खोलीवर अर्धा लिहून तयार होता.

बाई मागून आल्या. मोठ्या बुटांमुळे त्यांना उतरायला वेळ लागला होता. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, फाईल उघडली, परत भिंतीकडे पाहिलं.

"हे चुकलंय," त्या म्हणाल्या.

"काय चुकलंय?" सरांनी विचारलं.

"पान चार. शिंपल्यांचा थर, त्यावर राखाडी चिखल. इथे उलटं आहे."

"मग चूक कोणाची म्हणता?"

"खडकाची," बाई म्हणाल्या. त्या गंमत करत नव्हत्या. त्यांच्या लेखी पुस्तिका बावीस वर्षं तपासलेली होती आणि खडक कोणीच तपासलेला नव्हता.

शिडीला हसू आवरेना. सर मात्र हसले नाहीत. क्वचित कुठे थर उलटेपालटे होतात, घडी पडून वरचा खाली जातो, हे खरं आहे, असं ते म्हणाले, आणि भिंग काढून भिंतीला नाक लावलं. बराच वेळ गेला. बाईही त्यांच्या शेजारी वाकून बघत होत्या. राखाडी चिखलात बोटाएवढ्या जाडीच्या नळ्या होत्या, आणि त्या नळ्यांत शिंपल्यांचा चुरा भरलेला होता.

"ही काय, बिळं आहेत का?" बाईंनी विचारलं.

"हो. समुद्रतळावर राहणाऱ्या किड्यांची."

"मग किडा वरून खाली गेला असणार. उंदीर काय, जमिनीवरूनच बीळ करतो ना. आणि वरचा कचरा त्याच्या बिळात पडलाय. खाली शिंपले असते तर चिखलाच्या बिळात ते चढून आले असते होय?"

सरांनी भिंग खाली केलं. मी तीन वर्षं त्यांचा विद्यार्थी होतो. एवढा लांब श्वास त्यांनी सोडलेला मी पुन्हा कधी ऐकला नाही.

"बाई बरोबर सांगतायत," ते आम्हाला म्हणाले. "चिखल आधीचा. शिंपले नंतरचे. थर उलटलेले नाहीत."

म्हणजे जमीन, मग दलदल, मग समुद्र, आणि शेवटी किनाऱ्याची वाळू. समुद्र एकदाच आला होता, हळूहळू, रीतसर. मधे तो कुठेही गेला नव्हता. पाच कारणांनिशी गेला नव्हता.

परतीच्या बसमधे मागच्या बाकांवर हळूहळू कुजबुज सुरू झाली, कोणीतरी दोन्ही हातांनी समुद्र आणला आणि नेला, आणि बाईंनी पुढून वळून नुसतं पाहिलं तेव्हा तो तसाच हवेत राहिला. सरांची त्यांना दया आली होती. पण एवढी वर्षं वेलांट्या शोधणाऱ्या माणसाला एकदम आख्खा समुद्र सापडला होता, तेव्हा थोडा आनंदही झालाच असणार. घरी गेल्यावर त्यांनी बूट न काढता यजमानांना सगळं सांगितलं, असं पुढे यजमानांनीच आम्हाला सांगितलं.

सोमवारी सकाळी बाईंनी कचेरीतलं कपाट उघडलं. सरांचं मूळ हस्तलिखित त्यांनी जपून ठेवलेलं होतं. त्या काहीच फेकत नसत. सर नेमके कुठे घसरले ते त्यांना बघायचं होतं. पिवळी पडलेली पानं काढून त्यांनी चौथं उघडलं. सरांच्या तरुणपणीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, की सर्वांत खाली लाल माती, त्यावर पानांचे ठसे असलेला राखाडी चिखल, त्यावर शिंपल्यांचा थर, त्यावर पिवळा वाळूचा खडक.

सरांचं बरोबर होतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीन ओळी 'त्यावर' या एकाच शब्दाने सुरू होत होत्या, आणि टाइप करताना नजर एकीवरून दुसरीवर गेली होती. असं कोणाचंही होतं. पण बाईंना पुढचं आठवलं, आणि ते जास्त वाईट होतं. नोकरीचा तिसरा आठवडा होता. सुटलेली ओळ त्यांच्या तेव्हाच लक्षात आली होती. प्रती काढायच्या स्टेन्सिलचा कागद परत करायचा म्हणजे आख्खं पान परत, आणि हेडक्लार्क वाया गेलेल्या स्टेन्सिली मोजायचा. म्हणून त्यांनी सुटलेली ओळ शिंपल्यांच्या नंतर टाकून दिली होती. सगळे दगड यादीत आले म्हणजे झालं, मागेपुढे असेनात का, असं त्यांनी मनाशी म्हटलं होतं.

ते पान पर्समधे घालून त्या घरी गेल्या. यजमानांनी ते वाचलं, पुस्तिका वाचली आणि मग चष्मा पुसून दोन्ही परत वाचलं.

"म्हणजे तो दुसरा समुद्र तू आणलास?"

"हसू नका हो."

"हसत नाहीये." ते खोकायला लागले आणि पाणी प्यायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. परतल्यावर म्हणाले, "मी तीस वर्षं पाणी सोडायचं काम केलं. एवढं मला कधी सोडता आलं नाही."

"सरांना सांगू का?"

"तू मला का विचारतेस? पर्समधे ते पान तू उगाच आणलंस?"

मंगळवारी मी माझा अहवाल नेऊन दिला, नव्याने लिहिलेला, खरा. बाईंनी तो वाचला आणि लाल पेन न उचलता पुढे सरकवला. बाहेर येऊन मी स्वतःच तपासला तर पहिल्याच पानावर चार चुका निघाल्या. मी शिडीला सांगितलं की बाईंना बरं नाहीये. बातमी विभागभर झाली, आणि प्लास्टरमधल्या प्राध्यापिकांनी घरून चौकशी केली.

बुधवारी दुपारी बाई सरांच्या खोलीत गेल्या. सहीचे कागद घेऊन मीही तिथे उभा होतो. मला कोणी जा म्हटलं नाही आणि मी गेलो नाही. बाईंनी ते पिवळं पान टेबलावर ठेवलं.

"हे तुमचं, सर. बरोबर होतं. टाइप करताना मी ओळ मागेपुढे केली. तेव्हा मला कळलंही होतं."

सरांनी पान वाचलं. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं. "म्हणजे मला माहीत होतं," ते म्हणाले. "खाण चालू होती तेव्हा. मधली उतरण तेव्हा उघडी होती. मी स्वतः चढून बघितलं होतं." मग ते भाव हळूहळू मावळले. "मला माहीत होतं, आणि छापलेलं वाचून वाचून मी ते विसरलो. वर त्यावर निबंध वाचला."

"चूक माझी आहे."

"तुमची एका ओळीची आहे, बाई. माझी बावीस वर्षांची."

"तुमची माझ्यामुळे."

"शिंपले तुम्ही शिकवत होता का वर्गात?"

असं थोडा वेळ चाललं. दोघंही चूक आपल्याकडे ओढत होते. शेवटी परिषदेच्या पत्रिकेत दुरुस्तीचं निवेदन द्यायचं ठरलं. सरांनी मजकूर सांगितला, 'लेखकाच्या दुर्लक्षामुळे थरांचा क्रम चुकीचा दिला गेला.' बाईंनी टाइप करून आणलं ते 'टंकलेखनातील चुकीमुळे' असं. सरांनी ते खोडून दुरुस्त केलं. बाईंनी पुन्हा तसंच आणलं. चौथ्या खेपेला सरांनी सही करण्याआधी वाचलं नाही, किंवा वाचूनही बोलले नाहीत. छापून आलं तेव्हा त्यात होतं, 'टंकलेखनातील व त्यानंतरच्या सर्वांच्या वाचनातील चुकीमुळे'. 'सर्वांच्या' हा शब्द बाईंचा. आम्ही त्यात आलो, आमच्या आधीचे आले आणि ती पाच कारणंवालीसुद्धा आली. ती एव्हाना कुठेतरी मोठ्या हुद्द्यावर होती. तिचं पत्र आलं, की तिच्या पाच कारणांतली दोन तिला अजूनही पटतात.

पुस्तिका नव्याने टाइप झाली. मूळ हस्तलिखित एका बाजूला ठेवून आमच्यापैकी एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाईंनी पडद्यावर बोट ठेवायचं, असे तीन दिवस गेले. माझी पाळी होती तेव्हा मी एक 'त्यावर' गाळून पाहिला. त्यांनी न बघता सांगितलं, "परत वाच."

पुढच्या वर्षी प्राध्यापिकांचा पाय बरा झाला होता. तरी सहलीच्या यादीत बाईंचं नाव होतं, आणि ते त्यांनीच टाइप केलं होतं. मी तिसऱ्या वर्षाला होतो; नव्या मुलांना मदत म्हणून सरांनी मला आणि शिडीला बरोबर घेतलं. या वेळी बाईंच्या पायांत त्यांच्या मापाचे बूट होते. सर दरडीपाशी पोचून दम घेईपर्यंत नवी मुलं बाईंभोवती गोळा झाली होती, आणि बाई छत्रीच्या टोकाने बिळं दाखवत होत्या. किडा कुठून शिरला, चुरा कुठून पडला, त्याआधी इथे कसली झाडं होती, सगळं त्या सांगत होत्या. मधे एकदा त्यांनी एका झाडाला भलतंच नाव दिलं. सर एका सपाट दगडावर बसले, खिशातून पेरू काढला आणि म्हणाले, "बाई, ते झाड ते नव्हे."

"बरोबर नाव नंतर घालू," बाई म्हणाल्या आणि पुढच्या बिळाकडे सरकल्या. सरांनी पेरूचे दोन भाग करून एक माझ्यापुढे धरला.